कमी जाणारी गाडी

"यापेक्षा कमी जाणारी नाही का?"

दीपमालाने विचारलं, आणि आपण काय विचारलं ते तिचं तिलाच नंतर ऐकू आलं. दुकानदार देवीदास एका हाताने स्कूटरची सीट उचलून उभा होता. त्याने सीट हळूच खाली सोडली. "कमी म्हणजे भाव कमी?" "भाव नाही. जायले कमी. एका चार्जिंगमध्ये." देवीदासने तिच्याकडे नीट पाहिलं आणि तो मोकळेपणाने हसला. "मॅडम, लोक माहं डोकं खातात, यापेक्षा जास्त जाते काय, यापेक्षा जास्त जाते काय म्हणून. कमी जाणारी मांगणाऱ्या तुमीच पहिल्या." दीपमालाही हसली. हसणं भागच होतं. पोरीसाठी घ्यायची आहे, अकरावीला आहे, घर ते क्लास आणि क्लास ते घर, लांब जायचं तिला कामच नाही, असं सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. देवीदासने यातलं काहीच विचारलं नव्हतं. त्याला गिऱ्हाईक हवं होतं, कारण नको होतं. "मंग हे पाहा," तो म्हणाला. "गाडी तेच, रंग तेच, मोटर तेच. लायसन नाही, नंबर नाही, सायकलीपेक्षा थोडी जोरात पळते, बस. बॅटरी तेवढी दोन प्रकारची. मोठी लावली तं आरामात साठ किलोमीटर जाते. लहान लावली तं कागदावर पस्तीस, पण तुमी पंचवीसच धरा. भावात म्हणाल तं लय फरक नाही. म्या म्हणतो मोठीच न्या. पोरीचं काम आहे, कधी कुठं जा लागते." वाक्य पुरं व्हायच्या आत दीपमाला म्हणाली, "लहानच द्या."

अमरावतीत साईनगरमधल्या तिच्या घरापासून भातकुली पंधरा किलोमीटरवर होती. जाऊन-येऊन तीस. हे गणित तिने ऑफिसात, समोर कालव्याच्या दुरुस्तीची फाईल उघडी ठेवून, मोबाइलवरच्या नकाशात पाहून केलं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा केलं होतं, जणू रस्ता मधल्या काळात लांब-आखूड होणार होता. पंचवीसमध्ये क्लास होतो, मैत्रिणीचं घर होतं, बाजार होतो. भातकुली होत नाही. तिथे पोरीचा बाप होता. आणि अशा गाड्या अमरावतीत काही मिळत नव्हत्या असं नव्हे. राजापेठेपासून कॅम्पापर्यंत येता-जाता तिने दुकानं पाहिली होती. पण अमरावतीत घ्यायची म्हणजे पोरगी, आचल, सोबत येणार, सीट उचलून आत डोकावणार, दुकानदाराला चार प्रश्न विचारणार. म्हणून नोकरीच्या गावी, अकोल्यात, जेवणाच्या सुट्टीत, एकटीने येऊन ही निवड चालली होती. आपल्याच पोरीपासून लपून पोरीसाठी वस्तू घेणारी आई एरवी वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दिसते. दीपमालाला तसाच खुशीत असल्याचा चेहरा करता आला, आणि तो इतका सहज जमला याचीच तिला शरम वाटली.

संध्याकाळच्या रेल्वेगाडीत रोजच्या बायका रोजच्या जागी होत्या. अकोला-बडनेरा अपडाऊन करणाऱ्या बायकांचं एक बिऱ्हाडच असतं त्या डब्यात. कुणी वाटाणे सोलतं, कुणी घरी गेल्यावर लागणारी कोथिंबीर निवडतं. बँकेतली आरती शेजारी सरकून बसली. "घेतली का व गाडी?" "घेतली." "मोठं काम केलं बाई तू. एकटीच्या जिवावर. पोट्टी नाचंल आता." दीपमाला खिडकीबाहेर पाहत राहिली. काटेपूर्णा गेली, मूर्तिजापूर गेलं, तुरीची शेतं शेंगांनी वाकली होती. एकटीच्या जिवावर. लोकांनी हे तिला इतक्यांदा म्हटलं होतं की तिलाही ते खरं वाटू लागलं होतं. नवरा, गजेंद्र, वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. पीत असता, हात उगारत असता, निदान पत्ते कुटत असता, तर चार लोकांत सांगायला एक धड गोष्ट तरी झाली असती. पण गजेंद्र शेत करत होता, भातकुलीत बियाण्यांचं दुकान चालवत होता आणि संध्याकाळी आईजवळ बसून भाकरी खात होता. दीपमालाला पाटबंधारे खात्याची ऑर्डर आली तेव्हा सासू, लीलाबाई, म्हणाली होती, "घरात काय कमी पडून राहिलं व तुले?" आणि गजेंद्र म्हणाला होता, "तुले वाटते ते कर." दीपमाला त्या दिवशी तो होकार समजली. पुढे बऱ्याच वर्षांनी, एका अशाच गाडीत उभ्याने येताना, तिला वाटलं की तो होकार नव्हताच, माणसाने हात झटकले होते. आणि अलीकडे कधीकधी वाटे की त्या बिचाऱ्याला खरोखर तेवढंच म्हणायचं होतं.

साईनगरात खोल्या घेतल्या त्या आचलच्या शाळेसाठी आणि बडनेरा स्टेशन जवळ पडतं म्हणून. गजेंद्र रोज मोटरसायकलने येणार होता. आला काही दिवस. मग पेरणी आली, मग दुकान आलं, मग लीलाबाईचे गुडघे आले. रोजचं आठवड्यावर गेलं, आठवड्याचं महिन्यावर, आणि शेवटी तो फक्त पोरीला न्यायला आणि आणून सोडायला येऊ लागला. भांडण झालं नाही. कोर्टकचेरी झाली नाही. 'मिस्टर कुठे असतात?' 'भातकुलीला असतात.' एवढ्यात सगळं आटपत होतं. दिवाळीत आणि उन्हाळ्यात आचल तिकडे जायची. जायच्या आधी गजेंद्रचा फोन यायचा, "नेऊ का पोरीले?" दीपमाला लगेच उत्तर देत नसे. पाहते, परीक्षा आहे, सांगते, असं म्हणून ती थोडं थांबायची. हो म्हणायचं असायचंच. पण त्या थांबण्यात तिला बरं वाटायचं. पलीकडे एक माणूस आपल्या शब्दाची वाट पाहत उभा आहे, एरवी कधी न पाहिलेली वाट, हे तिला आवडायचं. डब्यात आरती वाटाण्याच्या सालांची पुडी बांधत होती आणि दीपमालाला स्वतःचीच किळस आली. पोरीला गाडी मिळाली की तो फोन येणार नाही, एवढंच तर तिला नको होतं. सुरक्षितपणा, लायसन, रस्त्यावरचे ट्रक, ही सगळी कारणं तिने मनाशी घोकून ठेवली होती, आणि दोन्ही बॅटऱ्यांची गाडी त्याच चालीने पळते हे देवीदासने सांगितल्याबरोबर त्यातलं एकही उभं राहिलं नव्हतं.

शिवाय पाणी होतं. भातकुलीकडच्या विहिरींचं पाणी खारं. लग्न होऊन गेली तेव्हा पहिल्या दिवशीचा चहा तिला घशाखाली उतरला नव्हता आणि लीलाबाई तोंडाला पदर लावून हसली होती. मागच्या दिवाळीत आचल तिकडून आली, घरात पाऊल टाकलं, माठातलं पाणी प्याली आणि म्हणाली, "इथलं पाणी कसं पचपचीत लागते न व आई." एवढंच म्हणाली आणि टीव्ही लावून बसली. पोरीच्या जिभेला खारं पाणी गोड लागू लागलं होतं, आणि ते कधी झालं ते आईला कळलंच नव्हतं. त्या रात्री दीपमालाने माठ घासून घासून धुतला होता, जणू दोष माठाचा होता.

टेम्पोतून गाडी उतरली तेव्हा आचल अनवाणीच रस्त्यावर धावत आली. आकाशी रंग. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, मग आईच्या गळ्यात पडली, मग पुन्हा गाडीभोवती फेरी मारली. सोळा वर्षांची घोडी झालेली पोरगी पाच वर्षांची दिसत होती. दीपमालाने हळदीकुंकवाची कोयरी आणली, समोर कुंकू लावलं, नारळ फोडला. तिला वाटलं, आता विचारणार, आणि आचलने विचारलंच. "आई, मोठ्या बॅटरीची आहे न? म्या फोटो पाठवला होता थेच?" "मोठी नव्हती न बाई दुकानात. आली की बदलून देतो म्हणे." एक शब्द अडखळला नाही. आचलचा चेहरा क्षणभर उतरला आणि लगेच तिने तो सावरला, आईला वाईट वाटू नये म्हणून सावरला, हे दीपमालाला स्पष्ट दिसलं. "जाऊ दे. लहान तं लहान. मस्त आहे गाडी." ती रुसली असती, पाय आपटले असते, तर दीपमाला रागावू शकली असती, आणि रागात माणसाला बरंच काही विसरता येतं. पोरीने तेवढीही सोय ठेवली नाही. खोबऱ्याचा प्रसाद वाटताना शेजारच्या गोदाबाई म्हणाल्या, आई असावी तं अशी. दीपमालाने त्यांच्या हातावर जरा मोठा तुकडा ठेवला.

त्यानंतर ती पोरीशी फार चांगलं वागू लागली. मोबाइल पाहण्यावरून रागावणं बंद केलं. अकोल्याहून येताना काही ना काही आणू लागली. आठवड्यात दोनदा ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी झाली, एकदा पुरणही. शेवटी आचलनेच एक दिवस तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "तुले बरं नाही काय, आई?" दोघी हसल्या. हसताना दीपमालाला वाटलं, आत्ता सांगावं. पण सांगायचं म्हणजे नुसतं बॅटरीचं सांगून भागणार नव्हतं. काहून, म्हणून पोरगी विचारणार. आणि तू बापाकडे जाशील म्हणून, हे वाक्य तोंडातून कसं काढायचं? एका रविवारी आचल मैत्रिणीला, अपेक्षाला, कठोरा नाक्यापलीकडे सोडायला गेली आणि परत येताना चार्जिंग संपून गाडी बंद पडली. साईनगरापर्यंत तिने ती ढकलत आणली. दारात आली तेव्हा केस कपाळाला चिकटले होते आणि तळवे लालभडक झाले होते. दीपमालाने तिला खाटेवर बसवून तळव्यांना खोबरेल लावलं. "फोन काहून नाही केला?" "तू काय करणार होती? तू ढकलली असती काय?" आचल हसत म्हणाली. पोरीचे हात आपल्या हातात, तेलाचा वास, बाहेर ती आकाशी गाडी. शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला आणि दीपमाला उठली. ओटा पुसताना तिला केवढं हायसं वाटलं! दुधाने वाचवलं. पुसून झाल्यावरही ती बराच वेळ तिथेच फडकं घेऊन उभी राहिली.

आणि मग तो शुक्रवार आला. गाडी बडनेऱ्याला वेळेवर पोचली, दीपमाला घरी आली तर दाराला कुलूप. अंगणात स्कूटर नाही. क्लासची वेळ टळून गेली होती, दिवेलागण होत होती. गोदाबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. "क्लासले सुट्टी आहे म्हणे आज," त्या म्हणाल्या. "दुपारीच निघाली बाप्पा. म्या म्हटलं कुठं चालली, तं म्हणे येतो. पाठीवर दप्तर होतं अन् त्याच्यात थे चार्जर का काय थे कोंबून राहिली होती, म्या म्हटलं वायर तं आत घे बाई, चाकात अडकंल." गोदाबाई पुढेही काही बोलत होत्या. दीपमाला पायरीवर बसली. चार्जर. इतके दिवस तिने जाऊन-येऊन, जाऊन-येऊन एवढंच मोजलं होतं. भातकुलीलाही वीज आहे, घरात बोर्ड आहेत, बोर्डाला बटणं आहेत, ही साधी गोष्ट सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या बाईच्या डोक्यात एकदाही आली नव्हती. पंधरा किलोमीटर जायला पंचवीसची बॅटरी भरपूर होते. यायलाच तेवढी पुरत नाही.

फोन एका घंटीत उचलला गेला. "आई! भातकुलीले पोचली मी कवाचीच, तू गाडीत असशील म्हणून थांबली. आत्ता तुलेच लावून राहिली होती. लय हळू चालवली, कडेकडेनं, कसम. तुले आधी सांगितलं असतं तं तू भेली असती न, म्हणून म्हटलं पोचल्यावर सांगू." मागे लीलाबाईचा आवाज, भांड्याचा आवाज, कुणाची तरी गाय. "बाबाले सांगितलंच नव्हतं. दुकानातून आला तं मी अंगणात उभी! त्याले खरंच नाही वाटलं." आचलचा आवाज असा ओसंडत होता, दीपमालाने तो घरात कधी ऐकला होता ते तिला आठवेना. "पण आई, आज वापस येणं होत नाही. एकच कांडी राहिली आहे बॅटरीची. पूर्ण भरायले रात्र जाते. मोठी असती न, तं तुह्या गाडीच्या टाइमाच्या आत घरी आली असती मी. तुले माहीतही नसतं पडलं. तुह्याजवळच जेवली असती." दीपमालाने खांबाला हात लावला. तिने बांधलेल्या दोरीला पोरगी अडकली होती खरी, फक्त पलीकडच्या टोकाला.

"घे, बाबा बोलते," आचल म्हणाली, आणि गजेंद्रचा आवाज आला. "भेली काय व तू? म्या म्हटलं तिले, मोटरसायकलवर आणून सोडतो आत्ताच्या आत्ता, आई वाट पाहून राहिली असंल. तं ऐकत नाही. गाडी सोडून नाही जात म्हणते. आईनं घेऊन देली आहे म्हणते." तो चालत होता, फोनमधून त्याच्या चपला ऐकू येत होत्या. पोरीचा आवाज मागे पडला. मग तो थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "सीट उघडून पाह्यली म्या. लहान आहे बॅटरी." "हो." "दुकानासमोरच्या मास्तरच्या पोरीजवळ हेच गाडी आहे. मोठीची." "हो." आता तो बोलेल असं तिला वाटलं. इतक्या वर्षांत त्याने जे बोललं नाही ते सगळं आता बोलेल, आणि तिला ते ऐकून घ्यावं लागेल, कारण या वेळी चूक सरळसरळ तिची होती. एक प्रकारे ती त्यासाठी तयारही झाली. "पोरीले काही बोललो नाही म्या," गजेंद्र म्हणाला. "अन् बोलणार पण नाही. बोलाले तोंड पाहिजे न." तो थांबला. "ऐकून राहिली काय? ते आली तेव्हा चार्जिंग पार खाली आली होती. मले काय वाटलं सांगू? मले आनंद झाला. म्हटलं आता जात नाही रात्रभर. तिनं वायर लावून देली ओसरीवर अन् आजीजवळ गेली. बोर्डाचं बटण बंद होतं. म्या पाह्यलं. दाबलं नाही. लाईट आहे, सगळं आहे, फक्त दाबलं नाही. उद्या दुपारपर्यंत तरी राहील म्हटलं."

गोदाबाई मेथीच्या काड्या गोळा करून आत गेल्या. रस्त्यावर कुणाचीतरी मुलं खेळून परतत होती. दीपमालाला या माणसाचा राग यायला हवा होता आणि तो कुठून आणायचा ते तिला कळेना. लग्न झाल्यापासून त्या दोघांनी मिळून एकही काम असं सारखं, एकमेकांना न विचारता, इतकं जुळवून केलं नव्हतं. इकडून तिने आणि तिकडून त्याने. मधल्या पंधरा किलोमीटरांवर, कडेकडेने, कसम खात, त्यांची पोरगी. तिला स्वतःची लाज वाटत होतीच, आता तिच्यात त्याचीही मिळाली आणि दोन्ही वेगळ्या करता येईनात. "दाबा ते बटण," ती म्हणाली. "दाबतो," तो म्हणाला, पण जागचा हलला नाही, किंवा हलला असेल तर तिला ऐकू आलं नाही.

मागून आचलचा आवाज जवळ येत गेला. "बाबा! अजूनही एकच कांडी दाखवून राहिली. एवढ्या वेळात एक तरी वाढायले पाहिजे होती." मग फोन तिच्या हातात आला असावा, कारण एकदम ती अगदी कानाशी बोलली, पडलेल्या, बारीक आवाजात. "आई, तू रागावू नको. मले वाटते म्याच बिघडवली गाडी. इतक्या लांब नव्हती आणायले पाहिजे. माह्याचमुळं झालं."

दीपमाला पायरीवरून उठली. आत उतू जायला दूध नव्हतं आणि घराला अजून कुलूपच होतं.

"तुह्यामुळं नाही," ती म्हणाली. "आचल, ऐक. दुकानात मोठी बॅटरी होती."

"मंग?" आचलने विचारलं.